पावसाच्या गावाला चार लाख रुपये द्यायचे, तर आधी काय विचाराल?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या चिटणीसांनी विचारलंय: "मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष. रोषणाईला कात्री लावून चार लाख रुपये बाजूला काढलेत. आमच्यातले सात-आठजण गेल्या मे महिन्यात मेघालयात जाऊन आले. खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावर, दीड-दोन हजार पायऱ्या उतरून जावं लागतं असं जंगलातलं एक गाव त्यांच्या मनात बसलंय. ते दत्तक घ्यायचा विचार आहे. शंभर सोलर कंदील, शाळेला चार कॉम्प्युटर आणि घरटी एक पाण्याचा फिल्टर अशी यादी केली आहे. तुम्ही त्या भागात काम केलंय. यादी बरोबर आहे का?"

यादी बरोबर नाही. पण पैसे बाजूला काढलेत ही मोठी गोष्ट आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

माझी ओळख थोडक्यात. कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून, इलेक्ट्रिकल केलं, काही वर्षं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत मोटारींची वाइंडिंग तपासली आणि पुढची सव्वीस वर्षं आडवळणाच्या गावांत पाणी आणि वीज बसवत हिंडलो. आधी छोटा उदेपूर आणि डांग, मग मेघालय. बसवलेल्या योजनांपैकी किती आज चालू आहेत असं कोणी विचारलं की मी चहा मागवतो. निम्म्याहून थोड्या जास्त, एवढंच सांगतो. बंद पडलेल्यांनी जे शिकवलं तेच इथे लिहितोय.

आधी 'दत्तक' या शब्दाबद्दल. बडोदेकरांना दत्तकाचं वावडं असायचं कारण नाही. आपले सयाजीराव महाराज १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तकच आले. पण इथे दत्तक आलेल्याने राज्य केलं, हेही ध्यानात घ्या. गावाने हुकूम सोडायचे आणि मंडळाने 'जी महाराज' म्हणायचं, ही तयारी असेल तर शब्द ठेवा. नाहीतर काढून टाका. त्या गावाला मायबाप आहेत. प्रत्येक खासी गावाची आपली दोरबार असते, 'दोरबार श्नोंग'. तिचा मुख्य म्हणजे 'रांगबाह श्नोंग'. रस्ता कोणी झाडायचा, जंगलातलं लाकूड कोणी कधी तोडायचं, परका माणूस गावात किती दिवस राहणार, हे सगळं तिथे ठरतं. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली त्यांची स्वायत्त जिल्हा परिषद आहे. मेघालयातलं बहुतेक जंगल वन खात्याचं नाही, ते कुळांचं, गावांचं आणि खाजगी मालकांचं आहे. आपल्याकडे झाड दिसलं की 'फॉरेस्टवाल्यांना विचारा' म्हणतात. तिथे झाडामागे एखादी म्हातारी मालकीण निघते.

मालकीण म्हणतोय ते उगाच नाही. खासी समाजात कुळ आईकडून चालतं आणि वडिलोपार्जित घर सहसा सगळ्यात धाकट्या मुलीकडे, 'खातदुह'कडे जातं. हे ऐकून आपल्याकडचे लोक एकदम भारावतात. जरा थांबा. जुन्या रीतीप्रमाणे दोरबारीत बसतात ते पुरुषच. म्हणजे घर बाईचं, पाणी भरणारी बाई, आणि नळ कुठे बसवायचा हे ठरवणारे बाप्ये. आता काही गावांत चित्र बदलतंय, पण तुम्ही ते गृहीत धरू नका. मी पहिल्या दोन गावांत दोरबारीने दाखवलं तिथे नळकोंडाळी बांधली. एक चर्चसमोर, एक रांगबाहच्या दारात. बायका मात्र तिसऱ्याच ठिकाणच्या कातळावर धुणं धूत राहिल्या, कारण तिथे सावली होती आणि लेकरं डोळ्यांसमोर राहात होती. तेव्हापासून मी दोरबारीत बोलणी झाली की गावातल्या बायकांच्या मंडळाला, 'सेंग किन्थेई'ला, वेगळा भेटतो. तेही सभेत नाही, चुलीपाशी. चुलीपाशी खरं कळतं.

आता पाणी. तुमच्या यादीत फिल्टर आहेत, म्हणजे पाणी आहे आणि ते फक्त स्वच्छ करायचंय असं तुम्ही धरून चाललात. मे महिन्यात गेलात म्हणून तसं वाटलं असेल, तेव्हा वळवाच्या सरींनी झरे जागे झालेले असतात. या उतारावर मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शेजारचं सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी, फारसं मागे नाही. १७ जून २०२२ रोजी मौसिनरामला २४ तासांत १,००३.६ मिलिमीटर पडला. बडोद्यात बहुतेक वर्षी सबंध पावसाळ्यात एवढा होत नाही. आणि त्याच टेकड्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत बायका प्लास्टिकचे डबे घेऊन ठिबकणाऱ्या झऱ्यापाशी नंबर लावतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. कारण साधं आहे. पाऊस जवळजवळ सगळा पाच-सहा महिन्यांत कोसळतो, उतार भिंतीसारखा, माती वीतभर, खाली चुनखडीचा खडक, त्यात भेगा आणि गुहा. पडलेलं पाणी काही तासांत खालच्या बांगलादेशच्या मैदानात. जिथे वरचं जंगल राहिलंय तिथे झरा मार्चपर्यंत तग धरतो. जिथे तुटलंय तिथे दिवाळीनंतर महिन्या-दीड महिन्यात करंगळीएवढी धार उरते.

म्हणून मंडळातल्या दोघा-तिघांनी दोनदा जाऊन या. एकदा फेब्रुवारीत, एकदा जुलैत. फेब्रुवारीत कळेल पाणी कुठे संपतं, जुलैत कळेल वस्तू कशा सडतात. तिकिटाचे पैसे जातील म्हणून जीव खालीवर करू नका, शंभर कंदिलांपेक्षा तो खर्च कामाचा.

फेब्रुवारीत एक अडचण येईल, आधीच सांगतो: दिवसा गावात कोणी सापडणार नाही. तो फुलझाडूच्या गवताचा हंगाम. खासी भाषेत त्याला 'सिनसार' म्हणतात. मंगळबाजारातून आपण जो मऊ फुलझाडू आणतो तो बहुधा ईशान्येकडच्या अशाच कुठल्यातरी उताराचा असतो. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो, तिथे या गवतावर पोरांची फी आणि घराचे पत्रे अवलंबून असतात. तमालपत्राची तोडणीही हिवाळ्यातलीच. पुढे सुपारी, विड्याची पानं, मिरी, फणस, मध. म्हणजे गाव गरीब असेल, पण रिकामटेकडं नाही. तुमची 'जागृती सभा' दुपारी दोनला ठेवलीत तर तीन म्हातारे आणि एक कुत्रं येईल. संध्याकाळी अंधार पडल्यावर बसा.

आणखी एक गंमत. खासींचा पारंपरिक आठवडा आठ दिवसांचा, बाजारांच्या नावांनी चालतो. बाजाराचा वार आपल्या कॅलेंडरात दर वेळी एक दिवस पुढे सरकतो. मी सुरुवातीला 'दर मंगळवारी प्रशिक्षण' असं जाहीर केलं होतं. पहिल्या मंगळवारी बावीसजण, नंतर कधी दहा, आणि एका मंगळवारी अख्खं गाव बाजाराला. मला वाटलं लोकांना रस नाही. वर्षभराने कोणीतरी हसत हसत हिशेब समजावला.

कंदिलांकडे वळतो. सोलर कंदील वाईट नाही, पण तो दोन-तीन वर्षांचा पाहुणा आहे. आतली बॅटरी उतरली की तो प्लास्टिकचा डबा. मी एका चर्चच्या मागच्या खोलीत कुठल्यातरी वाटपातले चाळीसएक कंदील खुंट्यांना ओळीने टांगलेले पाहिलेत. फेकायचे कसे, देणाऱ्यांना वाईट वाटेल ना, म्हणून जपून ठेवलेले. तुमच्या गावात विजेचे खांब असतील असा माझा अंदाज आहे. २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर असल्या बऱ्याच गावांत मीटर लागलेत. पण खांब असणं आणि वीज असणं यात जुलै महिना असतो. झाड पडलं, तार तुटली, लाइनमन पायऱ्या उतरून येईपर्यंत आठवडा. तेव्हा प्रश्न असा विचारा: वर्षातून किती दिवस आणि कुठल्या महिन्यात वीज नसते? उत्तर पावसाळा असं आलं, तर सौर पॅनेल हे त्यावरचं अर्धंच औषध आहे. नेमकं त्याच महिन्यांत दिवसचे दिवस ढग. पॅनेलवर शेवाळ धरतं, एखाद्या फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या पॅनेलचं उत्पादन ढासळतं. उलट पावसात ओढ्याला पाणीच पाणी. आमचा ठोकताळा असा: उंची मीटरमध्ये, पाणी सेकंदाला लिटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून पाचने गुणा, तेवढे वॅट हाती लागतात. वीस मीटर उंचीवरून सेकंदाला पाच लिटर आणलं की पाचशे वॅट, रात्रंदिवस. शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि पन्नास घरांचा एकेक दिवा त्यावर आरामात. हिवाळ्यात ओढा आटतो तेव्हा आकाश निरभ्र, पॅनेल काम करतं. दोघं मिळून वर्ष भरून काढतात. पण ही जोडी चार लाखांत नीट होणार नाही, आणि अर्धवट करू नका. म्हणून या खेपेला वीज सोडा असं माझं मत.

माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे वस्तू कशी मरते ते दिसेल. पंधराएक वर्षांपूर्वी एका गावात शाळा आणि उपकेंद्रासाठी सौर संच बसवला. चार ट्युब्युलर बॅटऱ्या, एकेक साठ किलोच्या आसपास. त्या खाली नेल्या गावातल्याच चौघांनी, 'खोह'मध्ये घालून. खोह म्हणजे वेताची निमुळती टोपली, तिचा पट्टा कपाळावर घेतात. मी रिकाम्या हातांनी उतरताना तीनदा बसलो. ते थांबले ते फक्त क्वाय खायला. क्वाय म्हणजे ओली सुपारी, पान, चुना. पूर्वी अंतरही त्यातच मोजत, अमुक गाव दोन क्वायवर आहे असं.

बॅटऱ्या पोचल्या, दिवे लागले, फोटो निघाले. गावातल्या एका पोराला मी शिकवलं: दर महिन्याला पाणी बघ, कमी झालं की डिस्टिल्ड वॉटर घाल. पाच लिटरचे दोन कॅन ठेवून आलो. कॅन आठ-दहा महिन्यांत संपले. सोहऱ्याहून नवीन आणायचे तर एक दिवस मोडतो आणि गाडीभाडं लागतं. ते कोणी द्यायचं हे ठरलेलं नव्हतं, कारण मी ठरवलंच नव्हतं. पोरगं प्रामाणिक. त्याने सांगितलेलं चुकवलं नाही, दर महिन्याला पाणी घातलं, झऱ्याचं. झरा चुनखडीतला, पाणी जड, क्षारांनी भरलेलं. चौदाव्या महिन्यात मी गेलो तेव्हा चारही बॅटऱ्या मेलेल्या, आणि चार्ज कंट्रोलरच्या डब्यात मुंग्यांनी अंड्यांसकट संसार मांडलेला. पोरगं माझ्याकडे बघेना. चूक त्याची नव्हती. जगातल्या सगळ्यात पावसाळी जागी आकाशातून थेट पडणारं पाणी बॅटरीला चालण्याइतकं स्वच्छ असतं. पत्र्यावरून ओघळलेलं नको, उघड्यावर प्लास्टिकचं घमेलं ठेवून धरलेलं घ्यायचं आणि काचेच्या बाटल्यांत भरून ठेवायचं. हे मला सुचायला हवं होतं. मी बडोद्यातला माणूस, माझ्या डोक्यात डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं.

तेव्हा माझं सगळं म्हणणं या एका पोराभोवती आहे. तुम्ही काय देता याला फार महत्त्व नाही. तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या एखाद्या पहाटे, ते नीट करायला कोण उठणार, त्याच्या खिशात भाडं कुठून येणार आणि सुटा भाग किती क्वायवर मिळणार, हे आधी ठरवा.

चार लाखांत होण्यासारखं काम म्हणजे पाणी, तेही नवीन योजना नव्हे तर असलेल्या योजनेची दुरुस्ती. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटर नळाने, हा त्याचा हिशेब. तुमच्या गावात त्यातले नळ असतील तर त्यांच्या शेजारी मंडळाच्या नावाची दुसरी टाकी उभी करू नका. आधी बघा की हिवाळ्यात कुठला झरा आटतो, पाइप कुठे गळतो, वर आणखी एखादा बारमाही झरा आहे का.

पंप लागत नाही. आपल्या आजव्याच्या तलावातून शहरात पाणी येतं तेही उतारानेच, सयाजीरावांच्या काळापासून. फरक एवढाच की आजव्याहून येणारा उतार सौम्य आणि तिथला उतार म्हणजे जिना. दहा मीटर उतरलं की दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो. बाजारात मिळणारा काळा एचडीपीई पाइप 'सहा किलोचा' असेल तर साठ मीटरखाली त्याचा जीव जातो. झरा गावापेक्षा १८० मीटर वर असेल तर मध्ये निदान दोन ठिकाणी दाब मोडायच्या टाक्या लागतात, आपल्याकडचे ओव्हरसियर ज्यांना बीपीटी म्हणतात त्या. बीपीटी म्हणजे फार काही नाही, उघडी टाकी. पाणी तिच्यात पडतं, दाब शून्य होतो, पुन्हा नव्याने निघतं. या टाक्या वाचवायला म्हणून लोक 'दहा किलोचा पाइप घालतो' म्हणतात. घाला, पण मग खालच्या नळाच्या तोटीला तो दाब कोण सांगणार? तोट्या उडून लोकांच्या अंगणात पडलेल्या मी पाहिल्यात. आणि पाइप जिथे उंचवट्यावरून जातो तिथे एअर व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर हवेचा गोळा अडकतो आणि गाव म्हणतं झरा आटला.

पाइप कुठून न्यायचा हे नकाशावर ठरवू नका. एका ठिकाणी आमची सर्व्हेची दोरी सरळ एका राईतून जात होती. सगळ्यात जवळचा रस्ता, चढउतार कमी. रांगबाह दोन दिवस काही बोलले नाहीत, चहा पाजला, जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इंजिनियर बाह, तिथून नको." 'बाह' म्हणजे आपलं 'दादा'. ती 'लॉ किन्तांग' होती, देवराई. तिथलं वाळकं पानही बाहेर न्यायचं नाही. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर देवरहाट असतात तसंच, फक्त पाळणूक कडक. आम्ही चारशे मीटरचा वळसा घेतला, पैसे वाढले, मी मनात चरफडलो. पुढे लक्षात आलं की ज्या झऱ्यावर आमची योजना उभी होती तो त्या राईच्या पोटातूनच येत होता. झरा ज्याच्या जमिनीत आहे त्या कुळाची आणि दोरबारीची, दोघांची लेखी संमती घ्या. तोंडी 'हो' हा पाहुण्याचा मान असतो, करार नसतो.

फिल्टरचं थोडक्यात. विजेवरचे नकोत. झऱ्याच्या मुखाशी वाळू-खडीचा गाळ बसवायचा कप्पा, टाकी झाकलेली, आणि घरात पाणी उकळायची सवय, जी तिथे चहापायी बरीचशी असतेच. पाणी तपासायला एच-टू-एस बाटल्या मिळतात. पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैला मिसळतोय. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायकांना ही तपासणी शिकवायची तरतूद आहे. त्या पाचजणी कोण ते विचारा, आणि त्यांच्याकडच्या बाटल्या संपल्या असतील तर त्या द्या. घरटी फिल्टरच्या किमतीत कितीतरी वर्षांच्या बाटल्या येतील.

जुलैत गेलात तर एक काम नक्की करा. पाणी बघणाऱ्या माणसाबरोबर झऱ्यापर्यंत चढून जा. मी गेलो होतो ती सकाळ आठवते. पुढे तो, डोक्यापासून कमरेखालपर्यंत 'क्नुप' घेतलेला. बांबू आणि पानांचं विणलेलं ते कवच, कासवाच्या पाठीसारखं, त्यात दोन्ही हात मोकळे राहतात. मागे मी, बडोद्याहून नेलेल्या रेनकोटात आतून घामाने आणि बाहेरून पावसाने भिजलेला. बुटात जळवा. झऱ्याच्या कुंडीपाशी तो वाकला, कोपरापर्यंत हात घालून गाळणी ओढली. गाळणी म्हणजे भोकं पाडलेला हातभर पीव्हीसी पाइप. तिच्यावर पानांचा काळा लगदा बसलेला, चहाच्या चोथ्यासारखा. त्याने ती दगडावर दोनदा आपटली, सुपारीच्या झावळीच्या देठाने भोकं एकेक करून मोकळी केली आणि परत बसवली. खालच्या पाइपमधून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग घरघर, मग शांत. "आता खाली पाणी गेलं," तो म्हणाला. परतताना दोन जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्याने पाइपची गळती बांधली. पट्ट्या त्याच्या कमरेलाच होत्या. पावसाळ्यात तो एक दिवसाआड हे करतो. न केल्यास तिसऱ्या दिवशी नळ कोरडे. हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना नळ कोरडे.

या माणसाचा पगार हाच तुमचा प्रकल्प. हिशेब करून दाखवतो. चारपैकी दीड लाख गावाच्या समितीच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला पावणेदहा हजार, म्हणजे महिन्याला आठशेच्या वर. गाव साठ घरांचं असेल आणि घरटी तीस रुपये निघाले तर अठराशे. मिळून सव्वीसशे. दिवसाचे दोन-तीन तास काम करणाऱ्याला हे फार नाही, पण तो झऱ्यावर जाईल. घरटी तीस रुपये निघतीलच असं नाही, पहिल्या वर्षी कुरकुर होते. पण ते तुम्ही भरू नका. मी एकदा दया येऊन भरले. त्यानंतर त्या गावाने कधीच भरले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. दीड लाख पाइप, दोन टाक्यांची डागडुजी आणि व्हॉल्व्हवर. तीस-चाळीस हजार सुट्या भागांच्या पेटीवर: कपलर, तोट्या, व्हॉल्व्हचे वायसर, करवत, पाइप जोडायची गरम करायची प्लेट. पेटी गावात, किल्ली दोघांकडे, त्यातली एक बाईकडे. उरलेल्यात तुमचं जाणं-येणं आणि गावातल्या दोन पोरांचं प्रशिक्षण. पोरं शिकली की शिलाँगला नोकरीला जातील अशी भीती लोक घालतात. जातात. म्हणून दोन म्हटलं. आणि एक जरा वयस्क, लेकुरवाळा, जमीनजुमला असलेला निवडा. बायका जास्त टिकतात हा माझा अनुभव, पण झऱ्याची चढण पहाटे एकटीने करायची की नाही हे तिला ठरवू द्या.

मंडळाच्या नावाची पाटी? लावा, छोटी. पाटीसाठी भिंत बांधू नका म्हणजे झालं.

कॉम्प्युटरचं एका वाक्यात: दोन पावसाळ्यांत मदरबोर्डवर बुरशी येते, आणि त्याआधी शिकवणाऱ्याची बदली होते.

तुमच्या प्रश्नात एक ओळ होती जी मी वर गाळली: "गावाचं निसर्गरम्य रूप बिघडू नये असं आम्हाला वाटतं." हे वाटणं सोपं आहे, कारण आपण पायऱ्या एकदा चढतो. जिवंत मुळांचे पूल तुम्ही पाहिले असतील. रबर-वडाच्या, म्हणजे वडाच्या जातकुळीतल्या झाडाची मुळं पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडातून ओढ्यापलीकडे न्यायची आणि पंधरा-वीस, कधी तीस वर्षं वाट बघायची. लोखंडी दोर त्या हवेत गंजतो, मूळ जाड होत जातं. २०२२ साली हे पूल युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले आणि गर्दी आणखी वाढली. त्या पुलाची मलाही अपूर्वाई आहे. पण त्याच पुलावरून अडलेल्या बाईला पाठीवरच्या खुर्चीत बसवून वर रस्त्यापर्यंत नेताना मी पाहिलंय, पावसात, चारजण आळीपाळीने. तिथल्या लोकांना रस्ता हवाय. काहींना नकोय, कारण रस्ता आला की त्यामागे लाकडाचे ट्रक आणि चिप्सची पाकिटं येतात. हे भांडण त्यांच्या दोरबारीत चालू आहे आणि त्यात आपल्याला मत नाही. रस्ता हवा की नको असं कोणी विचारलंच, तर "तुम्ही काय ठरवलंत?" एवढंच म्हणा.

फेब्रुवारीच्या खेपेसाठी: गुवाहाटीपासून शिलाँग शंभर किलोमीटर, तिथून सोहरा आणखी पन्नास-पंचावन्न. मेघालयात जायला अरुणाचलसारखा इनर लाइन परमिट लागत नाही, पण रांगबाहना आधी निरोप पाठवल्याशिवाय गावात मुक्कामाला उतरू नका. रविवार चर्चचा, त्या दिवशी कामाचं बोलू नका. बाजाराचा दिवस फोनवर विचारून घ्या. बरोबर लीलो चिवडा न्या, सगळ्यांना आवडतो. मोठ्या बाईला 'कोंग' आणि पुरुषाला 'बाह' म्हणा. 'खुब्लेई' म्हणजे आभार, तोच नमस्कारही.

घरात शिरल्याबरोबर क्वाय पुढे येईल. नाही म्हणू नका. पण आपल्या पानातल्या सुपारीसारखी ती नसते, ओली असते आणि पहिल्या खेपेला कान तापतात, छाती धडधडते, घाम फुटतो. अर्धीच घ्या, आणि बसून घ्या.